कलाटणी आधी कळली तर कथेत उरते काय?

कोरा कागद (प्रश्न)

नमस्कार. मी हौसेने कथा लिहितो. अलीकडच्या एका कथेच्या निमित्ताने पडलेला प्रश्न इथल्या जाणकारांपुढे ठेवत आहे. निमित्त माझ्या कथेचे असले तरी चित्रपट, नाटक, कादंबरी या सगळ्यांनाच तो लागू पडेल असे वाटते.

कथा थोडक्यात अशी आहे. पन्नाशीचा एक गृहस्थ विकाऊ असलेले जुने घर पाहायला येतो. दलाल त्याला एकेक खोली दाखवत फिरवतो, घराचे गुण वाढवून सांगतो आणि गृहस्थ मोजकेच बोलतो. शेवटच्या परिच्छेदात उलगडा होतो की हे घर एकेकाळी त्याच्याच वडिलांचे होते आणि तो शाळकरी असताना कर्जापायी ते विकावे लागले होते. आज ते परत घेण्याची ऐपत त्याच्यापाशी आहे, तरीही तो "कळवतो" एवढेच म्हणून निघून जातो. कथा प्रथमपुरुषी आहे. गृहस्थ स्वतःच ती सांगतो.

ज्या मित्रांना ती वाचायला दिली, त्यांपैकी बहुतेकांनी "शेवट जबरदस्त, अजिबात कल्पना आली नाही" अशी दाद दिली आणि विषय तिथेच संपला. एका मैत्रिणीला मात्र कोणीतरी रहस्य आधीच सांगून टाकले होते. तिच्यापुरती कथा वाया गेली असे मी धरून चाललो होतो, पण सर्वांत सविस्तर आणि सर्वांत आतून आलेला अभिप्राय नेमका तिचाच होता. माडीवर जाताना गृहस्थ दलालाला सहज म्हणतो, "वरची पायरी जरा उंच आहे, जपून." हे वाक्य इतर कोणाच्या लक्षातही राहिले नव्हते. मैत्रीण म्हणाली की त्या वाक्यापाशी ती थांबली आणि पुढचे वाचायला तिला थोडा वेळ लागला.

तेव्हापासून मी विचारात पडलो आहे. कलाटणीमुळे रसिकाचा आनंद खरोखर वाढतो, की एकदाच मिळणाऱ्या धक्क्यासाठी लेखक कथेतील इतर बरेच काही गहाण टाकतो? शेवट आधी कळल्याने रसभंग होतो ही आपली केवळ समजूत तर नाही? आणि तसे असेल, तर शेवट ठाऊक असलेल्या कलाकृतींकडे आपण पुन्हा पुन्हा का वळतो? एक विनंती: अलीकडच्या चित्रपटांची उदाहरणे देताना कृपया कोणाचाही शेवट फोडू नये.

पानगळ

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मानसशास्त्रात थेट प्रयोग झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात, म्हणून ते जरा सावकाश पाहावे लागतात.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी तीन प्रकारच्या बारा लघुकथा घेतल्या: शेवटी कलाटणी असलेल्या, रहस्यकथा, आणि ज्यांत घटनेपेक्षा भाववृत्तीला महत्त्व आहे अशा साहित्यिक कथा. काही वाचकांना कथा आहे तशी दिली, तर काहींना कथेच्या आधी एक परिच्छेद दिला आणि त्यात शेवट उघड केला. ज्यांना शेवट आधी कळला होता त्यांनी कथेला सरासरीने अधिक गुण दिले, आणि हे तिन्ही प्रकारांत, म्हणजे कलाटणीच्या कथांतही घडले. फरक फार मोठा नव्हता, पण दिशा अपेक्षेच्या उलट होती. शेवट माहीत असला की कथा समजून घेण्याचा मनावरचा भार हलका होतो आणि लक्ष बारकाव्यांकडे वळते, असे एक स्पष्टीकरण त्यावर दिले जाते. तुमच्या मैत्रिणीचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

मात्र एवढ्यावरून स्पॉयलर, म्हणजे शेवट आधीच फोडणे, निरुपद्रवी ठरवण्याची घाई करू नये. २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांनी आनंदाचा एकच आकडा न घेता त्याचे पदर वेगवेगळे मोजले, तेव्हा शेवट न फोडलेल्या कथा वाचकांना अधिक रंजक आणि अधिक हेलावणाऱ्या वाटल्या. पुढच्याच वर्षी त्याच दोघांनी वाचकांच्या स्वभावाकडे लक्ष दिले. डोक्याला ताण देण्याची फारशी हौस नसणाऱ्यांचा कल शेवट आधी कळलेल्या कथा निवडण्याकडे दिसला, आणि भावनांची ओढ ज्यांना अधिक असते त्यांना शेवट न कळलेल्या कथांत जास्त आनंद मिळाला. म्हणजे "स्पॉयलरने रसभंग होतो का" या प्रश्नाला "कोणाचा, आणि कोणत्या रसाचा" हा उपप्रश्न जोडल्याशिवाय उत्तर निघत नाही.

या सगळ्याच प्रयोगांबद्दल माझी एक तक्रार आहे. प्रयोगातल्या वाचकाने ती कथा स्वतः निवडलेली नसते, तिची वाट पाहिलेली नसते, आणि कथा छोटी असल्यामुळे पात्रांच्या सहवासात त्याचे फार तर अर्धा-पाऊण तास गेलेले असतात. चार खंडांच्या कादंबरीत वर्षभर गुंतलेल्या माणसाला कोणी शेवट सांगितला, तर त्याची जी चिडचिड होते ती या मापात येत नाही.

मला स्वतःला या आकड्यांपेक्षा १९८२ मधली विल्यम ब्रूअर आणि एडवर्ड लिक्टेनस्टीन यांची मांडणी अधिक उपयोगी वाटते. घटना ज्या क्रमाने घडल्या तो क्रम आणि वाचकाला त्या ज्या क्रमाने सांगितल्या जातात तो क्रम, या दोहोंतील तफावतीतून वेगवेगळ्या भावना तयार होतात असे ते म्हणतात. महत्त्वाची गोष्ट वाचकाच्या नकळत गाळली आणि मग अचानक दाखवली की आश्चर्य निर्माण होते. काहीतरी गाळले आहे हे वाचकाला कळू दिले की कुतूहल जागे होते. आणि अनिष्टाची चाहूल आधीच देऊन परिणाम लांबवला की हुरहूर लागते. घटना तीच राहते, फक्त सांगण्याचा क्रम बदलतो. या दृष्टीने पाहिले, तर तुमच्या मैत्रिणीला इतरांना मिळालेलाच आनंद कमी-जास्त प्रमाणात मिळाला असे म्हणता येणार नाही. इतरांनी आश्चर्याची कथा वाचली आणि तिने हुरहुरीची. एका अर्थाने तुमच्याकडे दोन कथा आहेत, आणि त्यांतील कोणती लिहायची आहे हे तुम्ही अजून ठरवलेले नाही.

मॅटिनी

पानगळ यांच्या विवेचनाचा आदर राखून मला धक्क्याची बाजू मांडावीशी वाटते, कारण अशा चर्चांत धक्का हा नेहमी हलक्या दर्जाचा आनंद ठरवला जातो.

अंधाऱ्या प्रेक्षागृहात शेकडो माणसांचा श्वास एकाच क्षणी अडकतो तो अनुभव एकट्याने कथा वाचून गुण देण्याच्या प्रयोगात सापडणार नाही. १९६० साली 'सायको' प्रदर्शित करताना दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही असा नियम चित्रपटगृहांना घालून दिला होता. त्यात जाहिरातबाजी होतीच, पण पहिल्या प्रसंगापासून जो बसला आहे त्यालाच पुढचा हादरा बसू शकतो हे गणितही होते. लंडनमध्ये १९५२ पासून चालू असलेल्या 'द माऊसट्रॅप' या नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना गुन्हेगाराचे नाव बाहेर न सांगण्याची विनंती केली जाते. ते रहस्य आज कोणालाही क्षणात शोधून काढता येईल, तरीही लोक ते न शोधता जातात आणि बाहेर पडल्यावर गुपित राखणाऱ्यांच्या मेळ्यात सामील होतात. गुपित ठाऊक असण्याचा आणि ते दुसऱ्याला न सांगण्याचा आनंद हाही कलाटणीचाच भाग आहे.

शिवाय दुसऱ्या वाचनात जे बारकावे दिसतात, त्यांची गोडी आपण पहिल्यांदा ते कसे नजरेआड केले होते या आठवणीमुळे वाढते. आपल्या मैत्रिणीला पायरीचे वाक्य भिडले हे खरे, पण त्या वाक्यावरून आपण बेफिकीरपणे पुढे निघून गेलो होतो हे नंतर कळण्याची जी मौज असते, ती तिला कधीच मिळणार नाही.

तिसरी घंटा

हा प्रश्न नाटकवाल्यांना फार जुना आहे. आश्चर्य आणि हुरहूर यांपैकी एकच निवडावे लागते असे वरच्या चर्चेवरून वाटू शकते, म्हणून एका नाटकाची, कालिदासाच्या शाकुंतलाची, रचना जरा जवळून पाहू. दीड हजार वर्षांहून जुन्या नाटकाला शेवट न फोडण्याचा नियम लागू होणार नाही असे गृहीत धरतो.

महाभारतातील शकुंतलेच्या आख्यानात शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथे दुष्यंताला सगळे आठवत असते, तो लोकांसमोर न आठवल्याचे सोंग करतो आणि शेवटी आकाशवाणी तिची बाजू खरी करते. कालिदासाने यात दुर्वासाचा शाप आणि ओळखीची अंगठी आणली. आता कल्पना करा की आजच्या पटकथाकाराच्या हाती हे साहित्य आले आहे. पाचव्या अंकात राजा शकुंतलेला ओळखत नाही, प्रेक्षक त्याच्यावर संतापतो, सहाव्या अंकात कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते आणि मग कोणीतरी उलगडा करते की राजा कृतघ्न नव्हता, त्याच्या स्मृतीवर शापाचा पडदा होता. कलाटणी म्हणून हे अगदी चोख झाले असते.

कालिदासाने तसे केले नाही. चौथ्या अंकाच्या आरंभीच पडद्याआडून शापवाणी ऐकू येते. ती अनसूया आणि प्रियंवदा ऐकतात, प्रेक्षक ऐकतो, आणि विचारात हरवलेली शकुंतला तेवढी ऐकत नाही. सख्या ही गोष्ट तिच्यापासून लपवण्याचे ठरवतात. त्यानंतर तिच्या पाठवणीचा तो प्रसिद्ध प्रसंग येतो, आणि त्यातील प्रत्येक आशीर्वाद, प्रत्येक उपदेश प्रेक्षकाच्या कानावर शापाच्या छायेतून पडतो. शाप शेवटपर्यंत राखून ठेवला असता तर या अंकाची अर्धी शक्ती गेली असती.

यापुढची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. शाप उघड करणारा हाच नाटककार अंगठी हरवल्याची घटना मात्र झाकून ठेवतो. राजाला ओळख पटायला उशीर लागला तर ही अंगठी दाखव, असे सख्या निरोपाच्या वेळी सांगतात, त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात धोक्याबरोबर सुटकेची वाटही तयार होते. पाचव्या अंकात शकुंतला राजाची शंका दूर करण्यासाठी आत्मविश्वासाने बोटाकडे हात नेते आणि बोट रिकामे असते. शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना अंगठी गळून पडली असावी, असा तर्क तेव्हा तिच्यासोबत आलेली गौतमी करते. शाप माहीत असल्याशिवाय या क्षणाला धार येत नाही, आणि अंगठीचे हरवणे आधी माहीत असते तर हा क्षणच उरला नसता. काय सांगायचे आणि काय राखायचे यांची इतकी काटेकोर वाटणी मला आधुनिक थरारपटांतही क्वचित दिसते.

आपल्या नाट्यशास्त्रात कथानकाच्या अखेरच्या टप्प्यात, म्हणजे निर्वहण संधीत, अद्भुत रस असावा असे सांगितलेले आहे. शेवटी विस्मय हवा ही अपेक्षा त्यामुळे काही नवी नाही. ॲरिस्टॉटलनेही घटना अनपेक्षितपणे घडाव्यात पण एकीतून दुसरी निघालेली असावी असे म्हटले आहे. त्याचे आवडते उदाहरण ग्रीक शोकांतिकेतील राजा ईडिपसचे. राजाच्या मनातील भीती घालवण्यासाठी आलेला दूत जे सांगतो त्यातूनच सर्वनाशाला तोंड फुटते. मौज अशी की अथेन्सच्या प्रेक्षकाला ईडिपसची मूळ कथा ठाऊक होती. कलाटणी पात्राच्या आयुष्यात घडत होती. प्रेक्षक ती येताना पाहत होता.

तुमच्या पायरीच्या वाक्यावरून मला भवभूतीची आठवण झाली. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपली आहे. हिचे सर्वच मला प्रिय आहे, असह्य असेल तो केवळ विरह, असे राम म्हणतो आणि त्याच क्षणी प्रतीहारी, म्हणजे द्वाररक्षिका, येऊन म्हणते की तो आला आहे. राम विचारतो, कोण? उत्तर मिळते, दुर्मुख. प्रतीहारी बोलते ते सेवकाच्या आगमनाबद्दल, पण प्रेक्षकाच्या कानात "विरह आला" असेच वाक्य पुरे होते, आणि दुर्मुखाने आणलेल्या लोकापवादामुळे पुढे घडतेही तेच. ज्याला कथा माहीत आहे त्याच्या अंगावर इथे काटा येतो, आणि ज्याला माहीत नाही त्याचेही काही अडत नाही. एकच वाक्य दोन्ही प्रेक्षकांना पुरते.

कोरा कागद

सर्वांचे मनापासून आभार. शाकुंतलातील अंगठीचा मुद्दा माझ्या कधीच लक्षात आला नव्हता.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. एका वाचकाने थोड्या नाराजीने विचारले की घरात फिरताना हा माणूस मनातल्या मनातसुद्धा एकदाही "आमचे घर" असे म्हणत नाही, हे कसे? तो मला फसवतो आहे की लेखक? माझ्याकडे याचे समाधानकारक उत्तर नव्हते. सर्व सूचना कथेत पेरलेल्या आहेत असे मी म्हणालो, पण त्याचे समाधान झाले नाही. फसवणूक आणि कलाटणी यांतली सीमा नेमकी कुठे असते?

संकलक

मी चित्रपटांच्या संकलनाचे काम करतो, त्यामुळे माझे उत्तर कारागिराचे असेल.

तुमच्या त्या नाराज वाचकाचा आक्षेप रास्त आहे. १९२६ मध्ये अगाथा ख्रिस्ती यांच्या एका कादंबरीवरून नेमका हाच वाद पेटला होता. कोणत्या आणि कशामुळे ते तुमच्या विनंतीला मान देऊन सांगत नाही. पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. ज्याच्या मनातील विचार वाचकाला कळू दिले आहेत असे पात्र गुन्हेगार असता कामा नये, असे त्यांचा पहिलाच नियम सांगतो. नियम मोडून उत्तम कथा लिहिल्या गेल्या आहेत, पण नियमामागचा विचार पक्का आहे. जो माणूस "मी" म्हणून बोलतो त्याच्या मनात आपल्याला प्रवेश मिळाला आहे असे वाचक धरून चालतो. त्याच मनातील सर्वांत मोठी गोष्ट, तीही त्या माणसाला लपवण्याचे काही कारण नसताना, फक्त शेवटच्या परिच्छेदासाठी दडवली, तर वाचकाला पात्राच्या मागे उभा असलेला लेखक दिसू लागतो. तुमचा गृहस्थ दलालापासून ओळख लपवतो हे समजू शकते. स्वतःशी बोलतानाही तो ती का लपवेल?

हीच कथा तृतीयपुरुषी आणि बाहेरून सांगितली, म्हणजे गृहस्थ काय करतो आणि काय बोलतो एवढेच दाखवले, तर हा दोष आपोआप जातो. कॅमेऱ्याला हे सोपे पडते, कारण तो माणसाच्या डोक्यात शिरू शकत नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करत नाही. चित्रपटांत कलाटणी अधिक सहजपणे पचते याचे हे एक कारण असावे.

पायरीच्या वाक्याबद्दल मला वेगळे सांगायचे आहे. ते वाक्य उत्तम आहे, आणि का उत्तम आहे हे तुम्हाला कदाचित जाणवले नसेल. घर दाखवणारा दलाल आहे, तेव्हा जपून चालायची सूचना दलालाने पाहुण्याला द्यायला हवी. इथे पाहुणा दलालाला सावध करतो, तेही पायरी येण्याच्या आधी. पहिल्यांदा वाचताना ते निव्वळ सौजन्य वाटते, कारण सौजन्य हे वागण्याचे पुरेसे कारण आहे आणि पुरेसे कारण मिळाले की वाचक दुसरे शोधत नाही. सूचना लपवण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही. तिला अंधारात ठेवू नये. तिला भर उजेडात वेगळेच काम द्यावे.

उलगडा झाल्यावर वाचकाला वाटते की हे आपल्याला कळायलाच हवे होते. निकाल कळल्यावर तो आधीपासूनच उघड होता असे वाटण्याची ही माणसाची सवय बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवली. व्हेरा टोबिन यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात कथेतील कलाटण्या अशाच विचारदोषांवर कशा उभ्या असतात याचे सविस्तर विवेचन केले आहे. म्हणजे कलाटणी न्याय्य होती की नाही याचा निर्णय वाचक काटेकोरपणे मागे जाऊन करत नाही. दोन-तीन धागे जागच्या जागी सापडले की तो बाकीचे उदारपणे मान्य करतो. आमच्या धंद्यात याचा गैरफायदाही भरपूर घेतला जातो. रहस्य फुटल्याबरोबर जुन्या दृश्यांचे तुकडे झरझर दाखवून "पाहा, सगळे तुमच्या डोळ्यांसमोरच होते" असे प्रेक्षकाच्या गळी उतरवायचे, आणि जी दृश्ये उलगड्याशी जुळत नाहीत ती त्या तुकड्यांत घ्यायचीच नाहीत. असे तुकडे मी स्वतः जोडलेले आहेत, त्यामुळे ही टीका बाहेरच्याची समजू नये.

हिचकॉकचे टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण आतापर्यंत कसे आले नाही याचेच आश्चर्य वाटते. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आणि तो ठेवलेला आहे हे प्रेक्षकाला आधी कळू दिले तर पंधरा मिनिटांचा ताण, असे त्याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत समजावून सांगितले होते. लोक इथेच थांबतात. शक्य तेव्हा प्रेक्षकाला माहिती द्यावी, अपवाद फक्त अनपेक्षित शेवट हाच कथेचा कळस असेल तिथे, ही त्याने लगेच जोडलेली पुस्ती बहुतेकांना आठवत नाही.

सावकाश वाचक

दोन छोट्या गोष्टींची भर घालतो.

पहिली कलाटण्यांच्या संख्येबद्दल. जेफ्री एली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमिर कामेनिका या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये आश्चर्य आणि हुरहूर यांचे गणिती प्रतिमान मांडले. त्यांच्या मते कालचा अंदाज आणि आजचा अंदाज यांत जितके अंतर पडते तितके आश्चर्य, आणि उद्याचा अंदाज कुठवर जाऊ शकतो याच्या पसाऱ्यावर हुरहूर अवलंबून असते. यातून निघणारी गोष्ट मालिका पाहणाऱ्या कोणालाही पटावी. प्रत्येक भागाच्या शेवटी मेलेला माणूस परत येणार असेल, तर प्रेक्षक कशावरच ठाम अंदाज बांधत नाही, आणि अंदाजच नसेल तर तो उलथवणार कसा? कलाटणीसाठी प्रसिद्ध झालेल्या दिग्दर्शकांचीही हीच पंचाईत होते. प्रेक्षक कथेत रमण्याऐवजी पहिल्या मिनिटापासून तिच्या शिवणी तपासत बसतो.

दुसरी गोष्ट शेवट माहीत असलेल्या कलाकृतींकडे परत जाण्याबद्दल. निकाल पूर्ण ठाऊक असतानाही वाचकाच्या मनात ताण निर्माण होतो, हे रिचर्ड गेरिग यांनी १९८९ मध्ये दाखवले होते. आपले ज्ञान एका बाजूला राहते आणि कथेच्या आत शिरलेले मन आपल्या गतीने चालत राहते. मॅटिनी यांच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या धक्क्याची आठवण हे पुन्हा पाहण्याचे एक कारण असेलही, पण ते एकमेव कारण असते, तर जिचा शेवट लहानपणीच कानावर पडला होता अशा शोकांतिकेत आपला जीव गुंतला नसता.

पानगळ

कोरा कागद, एक विचारायचे आहे. तुमच्या मैत्रिणीला आधी नेमके काय सांगितले गेले होते? घर त्याच्या वडिलांचे आहे एवढेच, की ते न घेता तो निघून जातो हेही?

विचारण्याचे कारण असे की तुम्ही ज्याला शेवट म्हणत आहात त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. घर कोणाचे हा उलगडा भूतकाळाचा आहे आणि ते परत घ्यायचे की नाही हा निर्णय पुढचा आहे. दोन्ही एकाच परिच्छेदात आल्यामुळे पहिल्याच्या गडगडाटात दुसऱ्याचा आवाज कोणाला ऐकूच येत नसावा. तुमच्या मित्रांचा अभिप्राय "कल्पना आली नाही" इथेच थांबला, यावरून तरी मला तसे वाटते.

कोरा कागद

तिला फक्त घर वडिलांचे आहे एवढेच कळले होते. तो न घेता निघून जातो हे तिला ठाऊक नव्हते, आणि तिच्या अभिप्रायाचा मोठा भाग त्याविषयीच होता: एवढे सगळे असताना तो नाही का म्हणतो, दलालाने दाखवलेल्या बदलांमुळे की न बदललेल्या गोष्टींमुळे. बाकी कोणीही हा प्रश्न विचारलेला नाही.

म्हणजे तिसरी घंटा यांच्या भाषेत, तिला शाप ठाऊक होता आणि अंगठीचे ठाऊक नव्हते. मग उलगडा दुसऱ्या किंवा तिसऱ्या खोलीत करावा आणि निर्णय शेवटी ठेवावा, असे आता वाटते. पण गृहस्थाने स्वतःच "हे माझे घर होते" असे म्हणणे फार उघडे पडेल.

संकलक

त्याला म्हणायला लावू नका. दलालाला बोलू द्या. घर विकणारा माणूस घराचा इतिहास सांगतोच, आणि गिऱ्हाईक गप्प असेल तर जरा जास्तच सांगतो. आधीचे मालक कर्जात बुडाले, घाईत विकावे लागले म्हणून बांधकाम मजबूत असूनही भाव पडला, त्यांचा एक मुलगा होता, त्याने या दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा केल्या होत्या, त्या आम्ही रंगाखाली घेतल्या, असे काहीतरी. दलालाच्या लेखी ही रंगकामाची जाहिरात आहे. गृहस्थाने काहीच उत्तर देऊ नये. त्याने फक्त चौकटीवर योग्य उंचीवर हात ठेवावा. लक्ष देणाऱ्या वाचकाला तिथेच कळेल, इतरांना एक-दोन खोल्या उशिरा कळेल, आणि "घेणार का" हा प्रश्न दोघांच्याही मनात शेवटच्या ओळीपर्यंत उघडा राहील.